न फुटणारं सुगड

पौष लागला की पालमच्या बाजारात आधी बोरं येतात आणि बोरांच्या मागून एजंट येतो. बोरं टोपलीत येतात, एजंट मोटारसायकलवर. यंदाही आला. नवा होता, जुन्यानं माझा नाद कधीच सोडलाय. काउंटरवर कोपर टेकवून त्यानं मोबाईल माझ्या नाकाशी धरला आणि बोटानं चित्रं सरकवत राहिला. गुलाबी साबणदाणी, हिरवी चहागाळणी, डब्यात डबा, त्या डब्यात पुन्हा डबी.

"शेठ, ह्या साली वाणाला हेच चालायलंय. नांदेडात तर संपलंसुदा."

एजंटाच्या मालाचं एक बरं असतं, तो कायम दुसऱ्या गावात संपलेला असतो.

"न्हाई घ्यायचं," मी म्हणालो.

"नमुना तरी ठेवा की."

"नमुना मीच हाय," मी म्हणालो. "पालममधी कुणालाबी इचारा."

तो हसला नाही. विचारलंही असेल कुणाला तरी, कारण परत फिरकला नाही. आणि ज्याला विचारलं असेल त्यानं शेळीची गोष्ट सांगितली असणार. माझ्याबद्दल काहीही विचारा, आमच्या गावात सुरुवात शेळीपासून होते.

माझ्या धंद्यात ऋतू नाकाला कळतात. जूनमध्ये कोऱ्या वह्यांचा वास, श्रावणात उदबत्तीचा, दिवाळीत उटण्याचा. पौषात साऱ्या गावाला भाजलेल्या तिळांचा वास येतो, तेव्हा मला मात्र कितीतरी वर्षं एकच वास यायचा. खोक्यावरची चिकटपट्टी टरकन फाडली की आतून जी वाफ येते ना, गरम, गोडसर, डोक्यात जाणारी, ती. नव्या प्लास्टिकची. मला तो वास आवडायचा, हे आधीच कबूल करून टाकतो. लोक देवाचं नाव घेऊन दुकान उघडतात, मी पौषात खोक्यात नाक घालून उघडायचो.

दुकानाचं नाव 'शकुंतला जनरल स्टोअर्स'. शकुंतला माझी आई. पाटीवर आईचं नाव असलं म्हणजे पोरगं गल्ल्यावर बसून खोटं कमी बोलेल, असं वडिलांना वाटलं असावं. वडील बाकी बाबतीत हुशार होते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडं बायका वाण लुटतात. नवख्या माणसाला हा शब्द ऐकून धडकी भरेल. आमच्यात लुटणं म्हणजे ओरबाडून नेणं नव्हे. हात आखडता न घेता देऊन टाकणं. घरी बोलवायचं, हळदीकुंकू लावायचं आणि ओटीत काहीतरी टाकायचं. माझ्या लहानपणी काय टाकायच्या? बोरं, गुळाचा खडा, हळदीची पुडी, फार तर लाकडी फणी. खाऊन संपायच्या नाहीतर झिजून संपायच्या गोष्टी. मी गल्ल्यावर बसलो आणि गावाला न संपणाऱ्या गोष्टींची सवय लावली. डझनावारी घ्या, वहिनी. रंग बघा, काकू. स्वस्त हाय, मस्त हाय, पिढ्यान्‌पिढ्या टिकतंय. यातलं शेवटचं वाक्य खरं होतं आणि तेच सगळ्यात वाईट होतं, पण ते कळायला मला शेळी लागली.

एका साली सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वाणाला चहागाळण्या दिल्या. त्यातल्या एका गाळणीच्या दांड्यावर भाजल्याचा डाग होता. तो मीच दुकानात उदबत्ती टेकवून पाडला होता आणि गिऱ्हाइकाला नको म्हणून घरी खपवला होता. रथसप्तमीच्या आत ती गाळणी चार घरं फिरून हळदीकुंकवासकट आमच्याच घरी परत आली. सुनंदानं डाग ओळखला.

"लेक माहेरी आली," ती म्हणाली.

साऱ्या गावात त्याच गाळण्या फिरतात आणि तरी दर पौषात मी नवं खोकं फोडतो. मग जुन्या जातात कुठं? हा प्रश्न मला पडला नाही. दुकानदाराला काही प्रश्न पडू नयेत अशीच गल्ल्यामागची खुर्ची असते, मऊ गादीची.

आणि मग एका पौषात जुना एजंट सुगड घेऊन आला. प्लास्टिकचं.

सुगड म्हणजे संक्रांतीला पुजायचं मातीचं बोळकं. त्यात हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजराचे आणि उसाचे तुकडे, ज्वारीचं कोवळं कणीस भरायचं, दोरा गुंडाळायचा, हळदीकुंकवाची बोटं ओढायची. रानात जे जे पिकलंय ते मातीच्या पोटात घालून मातीपुढं ठेवायचं, एवढा साधा मामला. ते सुगड एजंटानं माझ्या फरशीवर आपटलं. उडालं, गडगडलं, आणि माझ्या पायाशी येऊन उभं राहिलं. रंग हुबेहूब मातीचा. वर पांढरी नक्षी छापलेली.

माझी बुद्धी अशा वेळी फार वेगानं धावते, दिशा सोडून. मी खोकीच्या खोकी उतरवली. प्रत्येक सुगडाच्या बुडाला दुकानाचा स्टिकर लावला. बाहेर फळा टांगला आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'न फुटणारं सुगड. पडलं तरी हसत राहतं.' ही ओळ सुचली त्या दिवशी मी आल्यागेल्याला चहा पाजला.

फळा वाचायला गयाक्काही आली. तिला अक्षरं येत नाहीत, तिनं शेजारच्या बाईकडून वाचून घेतला. गयाक्का कुंभारवाड्यातली. नवरा गेल्यावर चाक तिनं हातात घेतलं. बाईनं चाकाला शिवायचं नसतं असं सांगायला चारजण आले, तेव्हा म्हणाली, "मग बसा, तुमी फिरवा." चौघेही तसेच परत गेले. पालमची निम्मी सुगडं तिच्या आव्यातली. आवा म्हणजे कुंभाराची उघडी भट्टी. मडकी रचायची, गोवऱ्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या घालायच्या, पेटवायचं.

तिनं माझं सुगड उचललं. बोटाच्या पेरानं टकटक केली, कानाशी नेलं.

"ह्याला आवाज न्हाई, शेठ."

"आवाज कशाला पायजे अक्का? फुटत न्हाई, बगा."

"मुळीच न्हाई?"

"मुळीच न्हाई."

"मग पुढल्या साली तुमाला कोण इचारंल?"

साऱ्या बायका हसल्या. मीही हसलो, कारण मला उत्तर ठाऊक होतं. सुगड दर साली नवंच पुजतात. फुटो न फुटो, जुनं चालत नाही. म्हणजे न फुटणारी वस्तू दर साली टाकून द्यायची आणि दर साली नवी न फुटणारी वस्तू विकत घ्यायची. मला हे त्या वेळी व्यापारातलं सौंदर्य वाटलं होतं. आज लिहिताना कानशिलं तापतात.

त्या संक्रांतीला आमच्याच देवघरात पाच प्लास्टिकची सुगडं मांडली. समई जरा जवळ होती. मी डोळे मिटून, हात जोडून उभा, गिऱ्हाइकी वाढू दे म्हणत. तिळाच्या वासात माझा ओळखीचा वास मिसळला. डोळे उघडले तर एका सुगडाची कड समईकडं ओघळत निघालेली, आतला ऊस बाहेर डोकावत होता. सुनंदानं पदर नाकाला लावला.

"न फुटणाऱ्या सुगडाला घाम फुटलाय," ती म्हणाली. "बगून घ्या."

बघून घेतलं. समई लांब सरकवली. गिऱ्हाइकांनाही तेच सांगितलं, "समई जरा लांब ठेवा, वहिनी." देवापेक्षा माल सांभाळायला शिकवलं मी गावाला. पहिल्या साली गयाक्काचा अर्धा आवा पडून राहिला. दुसऱ्या साली तिनं आवा लावलाच नाही. तिचं घर माझ्या वाटेवर आहे, रोज दिसायचं. चाक भिंतीला टेकवून उभं केलेलं, त्यावर कोंबडी बसलेली. मी त्या वाटेनं मोबाईल कानाला लावून जायचो. पलीकडं कुणी नसायचं.

मग ती शेळी. दुसरी संक्रांत उलटून गेली, पाऊस येऊन गेला, मार्गशीर्ष आला. बाजाराचा दिवस. आमच्या मागच्या गल्लीत किसनमामा राहतात, धनगर, पाच-पन्नास शेळ्या-मेंढ्या. त्यांची एक पाट, म्हणजे तरणी शेळी, ओढ्यात उतरली आणि वर आली ती तोंडावर सुगड घालून. शिंगापर्यंत गच्च. दिसत नाही, ओरडता येत नाही, नुसता घूं घूं आवाज. ती उधळली आणि नेमकी बाजारात घुसली. भाजीवालीच्या पाटीवरून, बांगडीवाल्याच्या पेटीवरून, चहाच्या टपरीखालून. डोकं वर करून पळत होती, त्यामुळं सुगडाचं बूड सगळ्यांना समोर दिसत होतं, आणि त्या बुडावर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'शकुंतला जनरल स्टोअर्स, पालम'. माझी जाहिरात आयुष्यात एवढी कधी वाचली गेली नव्हती, आणि तीही फुकटात.

शेवटी ती माझ्याच दुकानाच्या पायरीशी पडली. किसनमामांनी मान धरली, मी सुगड ओढायला लागलो. निघेना. पिळलं, आपटलं, दगडानं ठोकलं. फुटेना. शेळीचं पोट भात्यासारखं हलत होतं, मग ते हलणंही मंदावलं. माझा हात घामानं घसरायला लागला. अखेर किसनमामांनी कमरेचा विळा काढून, जनावराच्या गालाला धक्का न लावता, ते उभं चिरलं. शेळीनं श्वास घेतला. एवढा मोठा श्वास मी पुन्हा कुणाचा ऐकला नाही.

किसनमामांनी चिरलेलं सुगड माझ्या काउंटरवर ठेवलं. वर्षभर ओढ्याच्या चिखलात राहूनही स्टिकरचा लाल रंग जसाच्या तसा.

"बाळूशेठ, तुमच्या आईचं नाव लय टिकाऊ हाय," ते म्हणाले.

मला हसू आलं. ते हसत नव्हते.

"ही तोंडावरची निघाली. पोटातल्या प्लास्टिकच्या पन्न्या कोण काढील? गेल्या उन्हाळ्यात एक मेली माझी. पोट फाडलं तर आत तुमचं दुकान हुतं."

एवढं बोलून शेळीला उचलून गेले. माणूस शिव्या देऊन जातो तेव्हा बरं असतं, आपल्यालाही दोन देता येतात. मी पायरीवर बसून राहिलो. बाजारातली माणसं येता-जाता विचारत होती, "काय शेठ, शेळी आली हुती का खरेदीला?" तेव्हापासून माझं नाव शेळीशेठ. सुरुवातीला राग यायचा. आता कुणी बाळूशेठ म्हणालं तर मागं वळून बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला आणि कुंभारवाड्यात गेलो. मोबाईल घरी ठेवून.

गयाक्का गोवऱ्या थापत होती. मी उभ्या-उभ्या सगळं बोलून टाकलं. चुकलो, आवा लावा, संक्रांतीला महिना आहे, माझ्या दुकानात यापुढं प्लास्टिकचं सुगड नाही, वाण नाही, पन्नी नाही. तुमची सुगडं मी विकतो, पुढच्या फळीवर मांडतो. तिनं शेवटची गोवरी थापून तिच्यावर पाच बोटं उठवली.

"चूक तुमची, अन् माती मी तुडवू?"

"मी तुडवतो."

"तुमी?" तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं. पोट हे माझ्या दुकानाचं चालतं-बोलतं गोदाम आहे. "अन् दुकानात मांडायची न्हाईत. मांडली की लोक ह्याची अन् त्याची किंमत करत बसतेत. आवा लुटायचा."

माझ्या कानावर हा शब्द फार वर्षांनी पडला. तिच्या सासूच्या काळात, नवस असलेलं एखादं घर अख्खा आवा बोलायचं, म्हणजे साऱ्या सुगडांचे पैसे ते घर मोजायचं. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, बायका गाणी म्हणत थेट आव्यावर यायच्या, आव्याला हळदीकुंकू वाहायच्या आणि गरम राखेतून हातानं सुगडं उचलून न्यायच्या. आवा रिता व्हायलाच हवा. तोच नवस.

"हा आवा माझ्या नावावर धरा, अक्का. मी नवस बोलतो."

"कशाचा?"

"शेळी वाचली त्याचा."

तेव्हा तिचा चेहरा जरा हलला. मग तिनं उठून कोंबडीला हाकललं आणि चाकावर हात ठेवला.

"ऐका मग. माझे हात आता थरथरतेत. हौस म्हणून मी माती करत बसणार न्हाई. आवा लावते. पर आवा रिता झाला पायजे. एक सुगड जरी उरलं ना, तर हे चाक फोडून चुलीत घालते. तुमच्यासमोर घालते. मग पुना ह्या गावात कुणी सुगड मागायचं न्हाई."

ती जे बोलते ते करते, हे चाक शिवायचं नाही सांगायला आलेल्या चौघांना विचारा.

माती तुडवणं हे नाचासारखं दिसतं. तळ्याची काळी माती, त्यात चाळलेली राख आणि घोड्याची लीद. मी धोतर नसल्यामुळं पँट गुडघ्यावर गुंडाळली आणि उतरलो. पहिल्या फेरीत डावी चप्पल मातीत गेली. गयाक्का म्हणाली चप्पल घालून कोण उतरतं. दुसऱ्या फेरीत मी स्वतः गेलो, पाठीवर, सगळा. कुंभारवाड्यातल्या बायका दारातून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "हे सुगड लय मोठं व्हायलंय, अक्का. कोण पुजणार?" थंडीत ती माती बर्फासारखी लागते, मग हळूहळू तुमच्याच अंगाची ऊब धरते. तिला वास असतो. ओल्या तळ्याचा, गवताचा, जनावराचा. मी इतकी वर्षं खोक्यात नाक घालून पौष शोधत होतो आणि तो इथं लिदीत पडला होता.

गावानं काय केलं असेल, तुम्हाला अंदाज आहेच. समोरच्या दुकानदारानं गुलाबी साबणदाण्यांची भिंत उभी केली. माझ्या दुकानात येऊन बायका फळीवरच्या कापडी पिशव्या, फण्या, हळदीच्या कागदी पुड्या बघायच्या आणि समोर जायच्या. कापडी पिशव्या सुनंदानं जुन्या साड्यांच्या शिवल्या होत्या, माप मी दिलं होतं. बंद इतके लांब झाले की पिशवी खांद्याला लावली तर गुडघ्याशी लोळायची. पहिल्याच गिऱ्हाइकाची कोथिंबीर रस्ताभर झाडू मारत गेली. गूळ कागदात बांधून दिला तर गुळाला बातम्या चिकटल्या. एक गृहस्थ पन्नी नाही म्हणाल्यावर रागानं टोपीत शेंगदाणे घेऊन गेले, आणि टोपी डोक्यावर घालायच्या सवयीनं त्यांनी चौकात ती घातली. त्याचाही ठपका माझ्यावर.

हे सारं सोसवतं. एक वाक्य मात्र मला आजही सोसवत नाही. शहाणी, शिकलेली, भली माणसं काउंटरला टेकून समजुतीनं म्हणतात, "शेठ, चांगलं हाय तुमचं. पर एकट्यानं काय होतंय?"

एकट्यानं काय होतं, हे मला विचारता? पालमला प्लास्टिकचं सुगड कुणी आणलं? मी. एकट्यानं. तेव्हा कुणी मला म्हणालं नाही की बाळू, एकट्यानं काय होतंय. मी एकट्यानं एक फळा लिहिला, दोन संक्रांतींत कुंभारवाड्यातला धूर बंद पडला. एकट्यानं ओढा भरला. एकट्यानं एका शेळीच्या पोटात दुकान उघडलं. बिघडवताना माणूस एकटा पुरतो आणि निस्तरायची वेळ आली की त्याला अख्खी दुनिया सोबत लागते, हा हिशेब मला मंजूर नाही. मी बंदीची वाट बघणार नाही. बंदी आली की पन्न्या काउंटरवरून काउंटरखाली जातात, मीच ठेवल्यात ना. शाम्पूच्या पुड्या अजून विकतो, बिस्किटं विकतो, तिथं माझी मान खाली आहे, आणि खाली मान घालूनच सांगतो, जेवढं नाकारता येतं तेवढं नाकारणार. हसा. हसण्यात पालमनं माझ्याबाबतीत कधी कंजुसी केलेली नाही.

पण मी ही भाषणं गल्ल्यावरून देत होतो. खरं धाडस सुनंदानं केलं, आणि तेही मला न विचारता. बचत गटाची बैठक शिवकांतावहिनींच्या ओसरीवर होती. शिवकांतावहिनी गटाच्या अध्यक्ष. त्यांनी डोक्यावर पदर घेतला की बाकीच्या पंचवीस जणी घेतात. त्यांनी वाणाला गुलाबी साबणदाण्या घेऊन ठेवल्या होत्या. सगळ्यांसमोर सुनंदा म्हणाली, "ह्या साली कुणी प्लास्टिकचं वाण दिलं तर मी ओटीत घेणार न्हाई."

आमच्याकडं सवाष्णीचं वाण परतवत नाहीत. वैर असलं तरी ओटी पसरतात. 

"माझं बी न्हाई घेणार?" शिवकांतावहिनींनी विचारलं.

"तुमचं तर आधी न्हाई घेणार. तुमचं घेतलं की सगळ्याजणी देतील."

"नवऱ्यानं पाप केलं अन् तू आमाला सोवळं शिकवायलीस?"

"त्यांनी केलं म्हणूनच," सुनंदा म्हणाली. "इकत आणताना तुमी नगं म्हणला असता तर त्यांना एकट्याला काय पुजायचं हुतं?"

आणि उठून आली. घरी येऊन चुलीपुढं बसली आणि विझल्या जाळावर फुंकर मारत राहिली. म्हणाली, "आता ह्या संक्रांतीला माझ्या दारात कुणी येणार न्हाई." मी तीळ निवडायला बसलो आणि खड्यांऐवजी तीळच फेकले.

गयाक्का आधीच दारोदार आव्याचं आमंत्रण देऊन आली होती. भोगीच्या सकाळी आवा निवला. कुंभारवाड्यात धुकं आणि धूर एकमेकांत मिसळलेले. गयाक्का राख बाजूला सारत होती आणि राखेतून एकेक लाल, शेंदरी, मध्येच काळा डाग पडलेली सुगडं वर येत होती. एक उचलून तिनं पेरानं टकटक केली. टण्ण. मग ते खाली ठेवलं आणि बसली. चाक तिनं भिंतीपासून काढून आव्याशेजारी आणून ठेवलं होतं. वर कुऱ्हाड.

सुनंदानं आव्याला हळदीकुंकू वाहिलं, पाच सुगडं उचलली. मग आम्ही वाट बघत बसलो.

आधी किसनमामांची बायको आली. तिनं ओटीभर घेतली, सोबत ती शेळीही आली होती, शेळीनं आव्याकडं पाहिलं आणि लांबच उभी राहिली. मग कुंभारवाड्यातल्याच सातआठ जणी. मग बराच वेळ कुणी नाही. उन्हं वर आली. आव्यात अजून ढीग होता. गयाक्का चाकाच्या कडेवरची वाळलेली माती नखानं काढत होती. मी मनात पालमची घरं मोजली आणि मोजणं सोडलं.

मग वळणावर गाणं ऐकू आलं. जुन्या चालीचं, निम्मे शब्द विसरलेलं. पुढं शिवकांतावहिनी, डोक्यावर पदर, मागं सगळा गट. त्या सुनंदाजवळून गेल्या तेव्हा थांबल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "तुझ्यासाठी न्हाई आले. आव्याचं आमंतरण मोडू नये म्हणून आले."

"मी बोलावलंच न्हाई तुमाला," सुनंदा म्हणाली.

"म्हणूनच आले."

आणि त्या वाकल्या, राखेत हात घातला, आणि लूट सुरू झाली. काय सांगू ती लूट. 'ते माझं', 'सोड की ग', 'लय ऊन हाय अजून', राख उडतेय, हात काळे, नाकाला काळं बोट, साठीच्या बायका पोरींसारख्या ढकलतायत. दुकानात कुणी कधी असं केलं नाही. दुकानात माणूस घासाघीस करतो. इथं कुणाला किंमतच आठवत नव्हती. ओट्या भरल्या, टोपल्या भरल्या. आणि बघता बघता त्या निघूनही गेल्या, गाणं कुंभारवाड्याच्या तोंडाशी पोचलं आणि मंद होत गेलं.

आव्यात अकरा सुगडं उरली.

काही वाकडी होती, एकदोनांना चीर होती. बायकांनी चाचपून सोडली होती. मी म्हणालो, "अक्का, ही मी नेतो."

"नवस बोलणारानं लुटायचं नसतं."

सुनंदा पुढं झाली. "तू तुझी पाच घेतलीस," गयाक्का म्हणाली. ती उठली. कुऱ्हाड उचलली. सुनंदानं माझा दंड घट्ट धरला.

गयाक्कानं एक वाकडं सुगड पुढं ओढलं आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, बोथट बाजूनं, टचकन फोडलं. मग दुसरं. मग तिसरं. एका लयीत, अकराच्या अकरा. लाल तुकड्यांचा ढीग झाला. मग कुऱ्हाड खाली ठेवून चाकाला टेकून बसली.

"झाला रिता," ती म्हणाली. "सुगड एक बी न्हाई. ह्या खापऱ्या हायत. आव्यावर झाकायला लागतेत खापऱ्या, न्हाईतर जाळ बाहेर पडतो."

मी त्या ढिगाकडं पाहिलं. फोडलेल्या अकरांतली तीन तरी अगदी चोख होती. चीर नाही, वाक नाही. ती कडेला राखेत राहिली होती, म्हणून बायकांच्या नजरेतून सुटली होती. मला ती फुटायच्या आधीच दिसली होती, आणि मला दिसली हे तिला दिसलं होतं.

"बगत काय बसलाव, शेळीशेठ," गयाक्का म्हणाली. "येचा त्या. पुढल्या आव्याला लागतेत."